शेणावर काडी कोणाची

कॉलेजच्या मैदानावरचं शेण चोरीला गेलं होतं. वार्डन देवराव काळमेघांनी काल संध्याकाळी फिरताना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. होस्टेलच्या कुंपणापासून थेट व्हॉलीबॉलच्या खांबापर्यंत चांगले घसघशीत, ताजे पो पडले होते आणि ते बघून त्यांच्या जिवाला गार वाटलं होतं. आज उजाडल्याबरोबर पोरांना घमेली देऊन पाठवलं, तर पोरं हात हलवत परत आली. देवरावांचा विश्वास बसेना. मफलर गुंडाळून ते स्वतः मैदानात गेले. गवतावर नुसते गोल ओले डाग उरले होते.

"ही चोरी हाये," देवराव म्हणाले. "सरळ सरळ चोरी. कॉलेजच्या मालमत्तेची."

"सर, गोबर कौन चुराएगा?" अरुणकुमार म्हणाला. हा ऊर्जा बचत समितीचा विद्यार्थी सेक्रेटरी, भिलाईच्या सेक्टर दहाचा. त्याची मराठी आईशी बोलण्यापुरती होती आणि सरांसमोर तो ती जपून वापरी. "म्हणजे कोणी कावून चोरन? शेणच तर हाये."

"शेणच तर हाये?" देवरावांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "अरे, होस्टेलचा चहा हाये तो. होस्टेलची डाळ हाये, पोळी हाये. शेणच तर हाये म्हणे."

देवरावांच्या रागाला कारण होतं. ऊर्जेची बचत करा असं परिपत्रक भोपाळहून आलं आणि प्राचार्यांनी लगोलग दोन समित्या नेमल्या. वृक्ष समिती वनस्पतिशास्त्राच्या नरहरी ढोकांकडे आणि ऊर्जा समिती पदार्थविज्ञानाच्या देवरावांकडे. ढोकांनी पावसाळ्यात आवारभर रोपं लावली, प्रत्येक रोपाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि ते मोकळे झाले. देवरावांना असं मोकळं होता येत नव्हतं. त्यांनी पहिल्याच सभेत छाती ठोकून सांगितलं होतं की मेसच्या भट्टीचा कोळसा आपण बंद करू आणि होस्टेलचा सगळा स्वयंपाक गोबर गॅसवर करू.

आता बोलले ते बोलले, पण त्यांनी करूनही दाखवलं. विहिरीएवढा खड्डा पोरांनी श्रमदानानं खणला. आतून विटांचं बांधकाम झालं. वर पालथी घालायची लोखंडी टाकी एका पोराच्या बापानं वेल्ड करून दिली. भिलाईत वेल्डर शोधावा लागत नाही, गल्लीत हाक मारली की दोघंतिघं ओ देतात. शेण पाण्यात कालवून खड्ड्यात सोडायचं, गॅस धरला की टाकी वर उचलली जाते, शेण कमी पडलं की टाकी खाली बसते, इतका साधा मामला. टाकीकडे नुसती नजर टाकली की देवरावांची अब्रू आज किती वर आहे ते कुणालाही कळत असे.

आणि अब्रूहून मोठी गोष्ट होती क्वार्टर. वार्डनला कॉलेजच्या आवारात क्वार्टर मिळायचं, पुढे अंगण, मागे परस, नळाला दोन्ही वेळा पाणी. त्याआधी देवराव आणि त्यांची बायको रत्नमालाबाई दुर्गला पद्मनाभपुरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते आणि रोज सकाळी नळावरून घरमालकिणीची बोलणी खात होते. पण त्या सभेत ढोकांनी हळूच विचारलं, "अन् गॅस नाही निघाला तर?" आणि देवराव रागाच्या भरात बोलून गेले, "तर वार्डनकी सोडून देईन." प्राचार्यांनी मान डोलावली. ढोकांनीही डोलावली. ढोक अजून पद्मनाभपुरातच राहत होते, आणि त्यांची घरमालकीण तीच होती.

"जुगारी माणसं पत्त्यावर घर लावतात," रत्नमालाबाई घरी म्हणाल्या. "तुमी शेणावर लावलं."

उद्घाटन ठरलं होतं. संस्थेचे अध्यक्ष शेषरावजी बोंद्रे येणार होते, आपल्या हातानं गॅस पेटवणार होते आणि त्यावरचा चहा पिणार होते. टाकी वीतभर वर आली होती, अजून हातभर यायला हवी होती, आणि अशा वेळी कोणीतरी शेण चोरत होतं.

दुसऱ्या दिवशी देवराव झुंजुमुंजूलाच मैदानात जाऊन उभे राहिले. पोलाद प्लांटच्या टाउनशिपमधल्या अर्ध्याअधिक क्वार्टरांमागे गाय असायची. दूध काढलं की मालक तिला सोडून देई आणि गाय आपल्या पायांनी कॉलेजच्या मैदानात चरायला येई. तशा दहा-पाच गाई धुक्यात उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून एक धिप्पाड बाई डोक्यावर टोपलं घेऊन आरामात चालली होती. ही मैनाबाई. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहायची, मूळची भंडाऱ्याकडची. गोवऱ्या थापून विकण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

"ओ बाई, थांबा. काय करून राहिल्या?"

"दिसत नाई का? शेण उचलून राहिली."

"हे कॉलेजचं शेण हाये."

मैनाबाईनं शेणाकडे पाहिलं, मग देवरावांकडे. "गाई कॉलेजच्या हायेत का?"

"गाई नाहीत. पण जागा तर कॉलेजची हाये."

"मंग जागा ठेवा ना तुमी. म्या जागा कुठं नेऊन राहिली?"

चोर तो चोर वर शिरजोर. देवरावांचा संताप अनावर झाला. तेवढ्यात मैनाबाईनं वाकून एका पोवरची काडी काढून दाखवली. तेव्हा कुठं देवरावांच्या लक्षात आलं, जिकडे तिकडे प्रत्येक पोवर एकेक काडी उभी खोचलेली होती.

"काल सांजेलेच लावल्या म्या," ती म्हणाली. "ज्याची काडी त्याचं शेण. तुमच्या गावात हा कायदा नाई का, सायेब?"

कायदा होता. तेच तर दुखणं होतं. देवराव आर्वीकडच्या खेड्यातले. लहानपणी त्यांच्या आजीनं काड्या खोचलेलं शेण दुसऱ्या कुणी उचललं म्हणून दोन घरांत लग्नकार्याचं जाणं-येणं बंद झालं होतं. काडीला हात लावायचा नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. उच्च शिक्षण घेऊनही आपला हात त्या काडीकडे जात नाही याचा त्यांना मैनाबाईपेक्षाही जास्त राग आला. ते पाय आपटत परत आले.

"काही हरकत नाही," त्यांनी समितीला सांगितलं. "कायद्यानंच लढू. आजपासून आपणही काड्या लावू."

पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. बापाच्या प्लांटातल्या नोकरीवर शिकणारी ती पोरं, इस्त्रीच्या पँटी घालून येणारी; मुलींच्या कॉमनरूमसमोर शेणात काड्या खोचायच्या म्हणजे अवघडच होतं. पण देवरावांनी प्लांटसारख्या शिफ्टा लावल्या, फर्स्ट, सेकंड आणि जनरल, आणि पोरांचं मत बदललं. जनरल शिफ्टवाल्याला तास बुडवता येत होता. "ड्यूटी पर था, सर," असं सांगितलं की ढोकांच्या तासाचीसुद्धा हजेरी लागे. बघता बघता समितीची सदस्यसंख्या इतकी वाढली की वनस्पतिशास्त्राच्या वर्गात ढोक आणि त्यांचा बरणीतला नमुन्याचा भोपळा एवढेच उरले.

मैनाबाईनं दोन दिवस ही गंमत पाहिली. मग तिनं आपल्या वस्तीतल्या बाया आणल्या. गाईनं शेपूट उचललं की बाई काडी घेऊन हजर. पोरं धावत येईपर्यंत काडी लागलेली असे. यावर अरुणकुमारनं तोड काढली. त्यानं हिरव्या कागदाचे झेंडे केले, त्यांवर समितीचा शिक्का मारला आणि काडीऐवजी झेंडा लावायचं ठरवलं, म्हणजे लांबून ओळखू यावं. मैदान पंधरा ऑगस्टसारखं दिसायला लागलं. आणि एक कबूल करायला हवं, मैनाबाईनं झेंडा लावलेल्या एकाही पोला कधी हात लावला नाही. कायदा म्हणजे कायदा.

तिनं फक्त गाई नेल्या. कुंपणाबाहेर लाइनीच्या कडेला तिनं भाताच्या मांडाची, म्हणजे पेजेच्या पाण्याची, भांडी मांडली, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, आणि सगळ्या गाई रांगेनं फाटकातून बाहेर पडून तिकडे गेल्या. मांड पिऊन त्या तिथंच बसल्या, तिथंच रवंथ केला आणि बाकीचंही तिथंच केलं. मैदानावर झेंडे धरून पोरं उभी राहिली.

"हे काय करून राहिल्या तुमी?" देवराव कुंपणावरून ओरडले.

"ढोराले मांड पाजून राहिली. पुण्य लागते."

"शेणाच्या कायद्यात हे बसत नाही."

"काडीचा कायदा शेणाले हाये, सायेब. गाईले नाई."

देवरावांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "काळमेघ, मी पोलीस चौकीत जाऊन नेमकं काय सांगू?" देवरावांना जगाचाच राग आला. देशात कोळसा संपत चाललाय, एक माणूस जिवाचं रान करून उपाय काढतोय, पोरं घमेली घेऊन उभी आहेत, आणि सगळं अडलंय एका बाईच्या मांडावर. टाकी तेवढ्यात चार बोटं खाली बसली होती.

पण मांड म्हणजे शेवटी भाताचाच. आणि भात होस्टेलच्या मेसइतका वाया जात होता कुठं? देवरावांनी मेसचा आचारी केवलराम याला सांगून ताटांतलं उष्टं, भाजीची देठं, खरपुडी, सगळं बादल्यांत जमवायला लावलं आणि मैदानाच्या मधोमध नेऊन ओतलं. एका दगडात दोन पक्षी, कचराही गेला आणि गाईही आल्या. आल्या म्हणजे कशा, मैनाबाईकडच्या तर आल्याच, सेक्टर दहातल्या ज्या कधी फिरकल्या नव्हत्या त्यासुद्धा आल्या. देवराव व्हरांड्यात उभे राहून अभिमानानं पाहत होते. त्यांनी रत्नमालाबाईंना मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं.

गाईंनी बादल्या संपवल्या, तोंड वर केलं, आणि मग त्यांना ढोकांची झाडं दिसली.

गुलमोहर, कडुनिंब, करंज, आवळा, गाईंनी कशातही भेदभाव केला नाही. दुपारी ढोक वर्गावरून बाहेर आले तेव्हा आवारात ओळीनं काठ्या उभ्या होत्या आणि शेवटच्या ओळीतला आवळा एका पांढऱ्या गाईच्या तोंडात होता. ढोक सभ्य माणूस. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांचा आवाज प्राचार्यांच्या खोलीतून लायब्ररीपर्यंत ऐकू गेला.

"तुमच्या समितीनं माझी समिती खाल्ली," ढोक म्हणाले.

"गाईंनी खाल्ली," देवराव म्हणाले. "अन् खाल्ली तर काय झालं? झाडाचं शेण होईल, शेणाचा गॅस होईल, उरलेलं खत पुन्हा झाडाले. हे चक्र हाये निसर्गाचं. तुमी वनस्पतिशास्त्र शिकवता, तुमाले मी काय सांगू?"

"कोणत्या झाडाले खत घालणार? एकही झाड उरलं नाही."

"तुमी नीट कुंपण कावून नाही केलं?"

"मले काय माहीत, आपलाच माणूस ढोराले जेवायले बोलावणार हाये?"

प्राचार्यांना दोन्ही समित्या हव्या होत्या आणि दोन्हींचा कंटाळा आला होता. त्यांनी निवाडा दिला की आजपासून आवारात एकही गाय येता कामा नये. फाटकाला आडवा लोखंडी गज बसला. ढोक समाधानानं घरी गेले. देवराव खड्ड्याकडे गेले. टाकी तळाला टेकत आली होती आणि अध्यक्ष चार-पाच दिवसांवर आले होते.

त्या रात्री रत्नमालाबाईंनी माळ्यावरची ट्रंक काढून अंगणात पुसायला ठेवली. पद्मनाभपुरातून येताना सामान त्याच ट्रंकेतून आलं होतं. देवरावांना त्या पुसण्याचा आवाज आत झोपून ऐकवेना.

सकाळी ते पोरांना घेऊन सायकलींवर बादल्या अडकवून सेक्टर दहात निघाले. गाय असलेल्या प्रत्येक क्वार्टरचं दार त्यांनी वाजवलं. दार उघडणाऱ्या बायका बादली बघून आधी हसत आणि मग एकच उत्तर देत. सगळ्यांत वाईट म्हणजे अरुणकुमारच्या आईनंही तेच दिलं.

"आमचं शेण मैनाबाईले बांधलेलं हाये, सर. ती गोठा झाडून देते, आम्ही तिले शेण देतो. तुमी झाडून देता का?"

"मम्मी, प्लीज," अरुणकुमार म्हणाला.

"तुले काय प्लीज? घरी बादली उचलत नाई, कॉलेजात शेण उचलतो म्हणे."

सगळ्या वाटा मैनाबाईच्या झोपडीशी जाऊन मिळत होत्या. देवराव शेवटी तिच्या अंगणात उभे राहिले. आपल्या जागी दुसरा कोणी असता तर शरमेनं मेला असता, आपण मात्र राष्ट्रकार्यासाठी आलो आहोत, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. भिंतीवर, कुंपणावर, छपराच्या उतारावर गोवऱ्याच गोवऱ्या होत्या. कॉलेजचं सगळं शेण तिथं वाळत पडलेलं बघून त्यांचा पुन्हा तिळपापड झाला.

"शेण पायजे," ते म्हणाले.

"शेण तं थापून झालं. गोवऱ्या हायेत. घेता का?"

देवरावांमधला पदार्थविज्ञानाचा माणूस जागा झाला. शेणातलं पाणी गेलं की गोवरी होते. गोवरीत पाणी घातलं की शेण व्हायला हवं. इतकं साधं समीकरण आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांनी हातगाडी भरून गोवऱ्या आणल्या आणि मेसमागच्या हौदात भिजत घातल्या.

"अहो," रत्नमालाबाई हौदाशी येऊन म्हणाल्या, "मंग पापड भिजवला की उडदाची डाळ होते का?"

"तुले शास्त्रातलं समजत नाही तर बोलू नको."

हौदात मावल्या तेवढ्या गोवऱ्या भिजल्या, बाकीच्या मेसमागे रचून ठेवल्या. भिजलेला लगदा पोरांनी खड्ड्यात ढकलला. त्यातल्या काड्याकुड्या वर तरंगल्या आणि साय धरावी तशा घट्ट बसल्या. टाकी हलली नाही. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी ती होती तिथंच होती. देवराव खड्ड्याच्या काठावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना राग न येता भीती वाटली. अरुणकुमार त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

"सर, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "तुमी घरी जा. आमी पाहून घेतो."

सकाळी देवरावांनी खिडकीतून पाहिलं आणि ओरडलेच. टाकी वर आली होती. वीतभर नाही, हातभर नाही, चांगली कमरेइतकी, आणि पोरांनी तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. देवरावांनी रत्नमालाबाईंना खिडकीशी ओढत आणलं.

"पाह्य. म्हणे पापडाची डाळ होते का. पाह्य आता."

रत्नमालाबाईंनी टाकी पाहिली, टाकीशेजारी पालथी पडून झोपलेली पोरं पाहिली, त्यांच्या उशाशी पडलेले सायकलचे पंप पाहिले. ट्रंक अजून अंगणातच होती. पदर खोचून त्या मागच्या दारानं मेसकडे गेल्या.

अध्यक्ष आले. शेषरावजी बोंद्रे म्हणजे जुना माणूस, उंच, पांढऱ्या टोपीचा, कुठल्याही गोष्टीत एकदा आनंद वाटून घ्यायचं ठरवलं की मागं न हटणारा. टाकीभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेगडीचा कॉक उघडण्यात आला, सूं असा दमदार आवाज आला, आणि अध्यक्षांनी काडी ओढून शेगडीजवळ नेली. काडी विझली.

दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी त्यांनी ओंजळीत धरून नेली, ती विझलीच आणि वर टोपीही थोडी हलली. ढोक पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक अंगण आणि एक परस उमटत चाललं होतं.

"काय झालं रे?" देवरावांनी ओठ न हलवता विचारलं.

"सर, हवा हाये," अरुणकुमार तितक्याच हळू म्हणाला. "रात्रभर मारली. सायकलच्या पंपानं."

"किती?"

"सगळी."

देवरावांच्या पायांखालची जमीन सरकली. आपल्याच पोरांनी आपल्याच शास्त्राचा वापर करून आपल्यालाच बुडवलं, आणि ओरडायचीही सोय नव्हती. अध्यक्षांच्या हातातली काडेपेटी संपली होती. ते वळले.

"काय प्रेशर आहे हो," अध्यक्ष म्हणाले. "काडी टिकू देत नाही. मी बऱ्याच ठिकाणचे प्लांट पाहिले, असं प्रेशर कुठं पाहिलं नाही."

आणि त्याच वेळी मेसमागून चहा आला. पुढे रत्नमालाबाई, मागे ट्रे घेऊन केवलराम. चहा वाफाळलेला होता आणि त्याला खमंग धुरकट वास होता. अध्यक्षांनी घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घोट घेतला.

"आमच्या गावी आई असा चहा करायची," ते म्हणाले. "हा शेणावरच केला ना, वहिनी?"

"शेणावरच केला," रत्नमालाबाई म्हणाल्या. मागे रचलेल्या कोरड्या गोवऱ्यांचा ढीग अर्धा झाला होता. "दुसरं काही लावलं नाही."

ढोक उठले. "पण साहेब, ज्योत तर कुणी पाहिलीच नाही."

"ढोक, तुमच्या हातातला चहा गरम आहे का?"

"गरम आहे."

"मग ज्योत नव्हती तर काय उन्हात ठेवला होता?"

मैदान हसलं. ढोक बसले. देवरावांना इतकं हलकं वाटलं की टाकीतली हवा आपल्यातही कुणी भरली की काय असं त्यांना झालं. क्वार्टर राहिलं. त्यांनी रत्नमालाबाईंकडे पाहिलं, आणि नवऱ्यानं बायकोकडे पाहावं तसं बऱ्याच दिवसांनी पाहिलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. विद्यार्थी, शिक्षक, गोधन, ग्रामीण भारत, सगळ्यांचं कौतुक करून झालं आणि ते म्हणाले:

"अशा माणसांना नुसत्या टाळ्या देऊन भागत नाही. काळमेघांनी कोळसा वाचवला, तेव्हा त्या कोळशाचा मान राखला पाहिजे. आमची संस्था या होस्टेलला जो कोळसा देते, तो येत्या एक तारखेपासून मी बंद करतो आणि आपल्या मुलींच्या होस्टेलला देतो. त्या बिचाऱ्यांकडे असला प्लांट नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात ढोक टाळ्या वाजवत होते.

एक तारखेला भट्टी थंड पडली. दोन तारखेला होस्टेलच्या पोरांनी कच्ची पोळी देवरावांच्या टेबलावर आणून ठेवली. टाकीतली हवा केव्हाच निघून गेली होती, गाईंना आवारात बंदी होती, आणि जवळच्या रसमड्याच्या कारखान्यांपासून दुर्गच्या वखारींपर्यंत कोणीही कोळसा द्यायला तयार नव्हतं. ज्याची जळते त्याला कळते म्हणतात. इथं तर काहीच जळत नव्हतं. देवराव प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, मी वार्डनकी सोडतो.

"आता?" प्राचार्य म्हणाले. "अध्यक्षांनी सगळीकडे सांगून ठेवलंय. रायपूरहून लोक बघायला येणार आहेत. आता तुम्ही कसे सोडता?"

देवराव तिथून तडक ढोकांच्या टेबलाशी गेले.

"ढोक, क्वार्टर घेता का? दोन्ही वेळा पाणी येते."

"छे छे," ढोक प्रेमानं म्हणाले. "घरमालकिणीचा अन् माझा आता लई जिव्हाळा झाला हाये. शिवाय या कामाले तुमच्यावाचून दुसरा माणूस कोण?"

उरली मैनाबाई. देवराव दुसऱ्यांदा तिच्या अंगणात उभे राहिले. होस्टेलभर पुरतील एवढ्या गोवऱ्या ती द्यायला तयार झाली, पण तिच्या अटी होत्या. फाटकावरचा गज काढायचा. पोरांचे झेंडे बंद करायचे. आणि एवढ्या गोवऱ्या थापायच्या म्हणजे तिच्या सगळ्या बाया थापायला बसणार, तेव्हा शेण गोळा करायला एक माणूस तिला रोज सकाळी लागणार.

"पोट्टे देतो की," देवराव म्हणाले. "कितीही घ्या."

"पोट्टे नको. ते काम कमी अन् हिंदी जास्त करतात." तिनं देवरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी गावाकडचे. तुमाले काडी समजते. तुमीच या."

तेव्हापासून रोज उजाडताना क्वार्टरच्या अंगणात मैनाबाईची हाक यायची. पहिल्या दिवशी देवराव मफलर हातात धरून खाटेवर बसून राहिले. अपमानानं त्यांचे कान तापले होते.

"मी पदार्थविज्ञानाचा लेक्चरर हाये," ते म्हणाले.

"ते कॉलेज भरल्यावर," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि घमेलं त्यांच्या हातात दिलं. "आता उठा. बाई थांबून राहिली."